उघड्यावरची आग, हंगामाची भाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेवायला आलेली मंडळी टेबलापेक्षा आगीजवळ जास्त रमतात, आणि तिथे उभं राहिलं की प्रश्न सुचायला लागतात. तेच तेच प्रश्न ऐकून आमची उत्तरंही आता पाठ झाली आहेत, म्हणून ती इथे लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत. दिवसभर विस्तवाशी बसणाऱ्या माणसाला बोलायला कोणीतरी हवंच असतं, हे त्याचं कारण समजा.

तुमच्याकडे नेमकं काय मिळतं?

त्या दिवशी मळ्यातून आलेली भाजी, लाकडाच्या विस्तवावर, आभाळाखाली भाजलेली. मांस-मासे नाहीत. गॅसची शेगडी आहे ती फक्त चहा-कॉफीपुरती. ते आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर कोणीतरी ती शोधून काढतं आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे बघतं.

एवढा मोठा जाळ पेटवलाय, मग भाजी त्याच्यावर का ठेवत नाही?

रोज संध्याकाळी हा प्रश्न येतोच. जाळ दिसतो तेव्हा स्वयंपाक अजून सुरू व्हायचा असतो.

लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू हवेत जळतात, तीच ज्वाळा. ती पिवळी-केशरी दिसते, कारण तिच्यात न जळलेल्या कार्बनचे बारीक कण तापून चमकत असतात. हे कण थंड पृष्ठभागावर बसले की त्यांची काजळी होते. गार वांगं जाळात धरलं, तर काजळी थेट वांग्यावर. वर काळं, आत कच्चं आणि चवीला कडू.

वायू जळून गेले की मागे राहतो तो निखारा, म्हणजे बहुतेक सगळा कार्बन. तो ना फडफडतो ना वाऱ्याने वाकतो. नुसता बसल्या जागी धग देतो. ही धग मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. तापलेल्या वस्तूतून निघणारी अशी उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने बदलते. हिशेब केला तर ८०० अंश सेल्सिअसचा निखारा ६०० वर उतरला की त्याची धग निम्म्याहून कमी होते. बघणाऱ्याला फक्त लाल रंग थोडा मंदावल्यासारखा वाटतो, पण भाजीला तो फरक बरोबर कळतो. म्हणून आमच्यातला एक माणूस भाजीला हातच लावत नाही. तो फक्त निखारे सरकवतो, फोडतो, राखेने झाकतो, पुन्हा उघडे करतो. पगार त्याला सगळ्यांत जास्त आहे.

निखारा तयार झाला हे कसं ओळखता? थर्मामीटर आहे का?

आहे, कपाटात. रोजचं माप म्हणजे तळहात. जाळीच्या उंचीवर, निखाऱ्यापासून साधारण वीतभर वर हात धरायचा आणि मोजायचं. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा सेकंद टिकला तर मंद. मोजणारा माणूस मात्र रोज तोच हवा, कारण आमच्यातल्या एकाचा हात इतका निबर झाला आहे की त्याच्या मध्यम आचेवर इतरांची भाजी करपते.

निखाऱ्यावर राखेची पातळ पांढरी साय धरली आणि खालून लाल दिसत असलं, की भाज्या चढवायला सुरुवात.

लाकूड कोणतं वापरता?

जातीपेक्षा आधी वाळलेलं आहे का ते बघतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सात पट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे ओलं लाकूड जाळणारा माणूस आगीतली बरीच उष्णता लाकूड वाळवण्यात घालवतो, आणि तोवर जो दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो तो भाजीत शिरतो. आम्हाला ओलावा वीस टक्क्यांच्या आत लागतो. फोडून, वारा खेळेल असं रचून, वरून झाकून ठेवलं तर लाकडाच्या जाडीप्रमाणे आणि हवेप्रमाणे त्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात.

ओळखायची सोपी खूण : दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. टणटण वाजल्या तर वाळल्या, बद्द आवाज आला तर परत रचायच्या. टोकाला पडलेल्या भेगा आणि सहज सुटणारी साल या आणखी दोन खुणा.

जातीचं म्हणाल, तर घट्ट, जड लाकडाचा निखारा जास्त वेळ टिकतो. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात राळ असते, ती तडतडते, ठिणग्या उडवते आणि काजळी धरते. त्याच्या काटक्या पेटवायला घ्याव्यात, भाजायला नको. फळझाडांची छाटणी मिळाली तर आम्ही खूश असतो.

काही लाकडं मात्र आवारातही येऊ देत नाही. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूड, समुद्रातून वाहून आलेलं, आणि वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं. जुन्या मुरवलेल्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असायचं, आणि ते जाळल्यावर आर्सेनिक राखेत आणि धुरात येतं. कण्हेरीचं लाकूडही नाही, तिचे सगळे भाग विषारी आहेत. बागेतल्या छाटणीचा ढीग कोणी प्रेमाने आणून दिला, तरी आम्ही आधी एकेक फांदी बघतो.

त्यापेक्षा तयार कोळसा सोपा नाही का?

सोपा आहे. लाकूड पुरेशी हवा न देता तापवलं की पाणी आणि वायू निघून जातात आणि कोळसा उरतो. वजनाला वजन धरलं तर हवेत वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता त्यात असते. धूर कमी, भरवसा जास्त. पण धुराची चव त्यात उरलेली नसते. लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याला ताठपणा देणारं द्रव्य, तुटताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं निघतात आणि आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो बराचसा यांचाच. कोळसा करतानाच ती उडून गेलेली असतात. आम्ही लाकूड बाजूला जाळून निखारे करतो आणि फावड्याने जाळीखाली ओढतो. अधूनमधून एखादी बारीक ढलपी कडेला धुमसत ठेवतो. तेवढा धूर पुरतो.

कुठली भाजी कुठे ठेवायची, हे कसं ठरतं?

पाण्यावरून. माझं तर असं मत झालं आहे की आगीवरचा स्वयंपाक हे नव्वद टक्के पाण्याचं काम आहे. लाकडातलं पाणी आधी काढून टाकलेलं असतं, उरतं ते भाजीतलं. काकडी-टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, कोबी आणि वांग्यात ९२ च्या आसपास, बीट-गाजरात ८८, बटाट्यात ७९, रताळ्यात ७७. हे पाणी आहे तोवर भाजीचं तापमान शंभर अंशांच्या वर सरकत नाही. आणि ज्या खरपूस चवीसाठी तुम्ही इथे येता, ती साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो गंध तयार करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, आणि तिला आजही त्यांचंच नाव आहे. थोडक्यात, वरचा पापुद्रा कोरडा करायचा आणि आतलं पाणी आतच ठेवायचं. ज्या भाजीला हे ज्या जागी जमतं, ती तिची जागा.

वांगं अख्खं, थेट निखाऱ्यावर. त्याची साल हेच त्याचं भांडं. गर स्पंजासारखा हवेने भरलेला असतो, त्यामुळे तो आपल्याच वाफेत बसतो. सुरीने दोन-चार टोचे मात्र मारायचे, नाहीतर फुटतं. शिजलं हे देठाजवळ दाबून कळतं. पोट लवकर मऊ होतं, देठ शेवटी.

कांदा, बीट, बटाटा, रताळं यांची जागा फुफाट्यात. ‘आगीतून फुफाट्यात’ पडणं म्हणजे वाइटातून आणखी वाइटात, असं आपण म्हणतो. आमच्याकडे तो बढतीचा मार्ग आहे. गरम राखेचा थर उष्णता हळू आणि सगळीकडून देतो, आणि निखाऱ्याचा थेट चटका बसत नाही. मुठीएवढ्या बीटला तासभर तरी हवाच, कधी दीड. साल काळीठिक्कर होते, ती काढून टाकली की आत गडद गोड बीट. उकडलेल्या बीटचा गोडवा पाण्यात निघून जातो, इथे त्याला जायला वाटच नसते.

रताळ्याची गंमत वेगळी आहे. त्यात पिष्टाची माल्टोज साखर करणारं विकर (एन्झाइम) असतं. साठच्या पुढे पिष्ट फुगायला लागलं की ते कामाला लागतं, आणि ऐंशीच्या आसपास गेलं की मरतं. या टप्प्यातून रताळं जितकं रेंगाळत जाईल, तितकं गोड होतं. म्हणून ते सगळ्यांत मंद कोपऱ्यात. घाई केलेलं रताळं मऊ होतं, गोड होत नाही.

गाजराला हाच रेंगाळण्याचा सल्ला देऊ नका. ५५ ते ६० अंशांत बराच वेळ राहिलं तर त्यातलं एक विकर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियमशी घट्ट बांधून टाकतं. मग पुढे कितीही आच द्या, ते टणकच राहतं. पहिल्या वर्षी एका मोठ्या पंगतीची गाजरं आम्ही लवकर म्हणून दुपारीच कोमट कडेला लावून ठेवली होती. रात्री ती दातांना नकार देत होती. आता गाजर आधी कडक आचेवर, मग बाजूला.

कोबी अर्धा चिरून, चिरलेली बाजू आधी जाळीवर काळपट होईपर्यंत, मग उलटा करून कडेला चाळीस-पन्नास मिनिटं. बाहेरची पानं जळतात, आतली त्यांच्या आडोशाने शिजतात. भेंडीला उलट : कडक आच, पसरून, तीन-चार मिनिटं, पाण्याचा थेंब नाही. तिचा बुळबुळीतपणा पाण्यानेच सुटतो. मक्याला हिरव्या सोलासकट ठेवलं तर आत वाफ धरते, शेवटी सोल काढून दाण्यांना विस्तव दाखवायचा. पालेभाजीची मोठी पानं आठ-दहा सेकंद. इकडे कोणी ‘मीठ कुठे आहे’ विचारलं, की तिकडे पान गेलं.

काकडीचा नाद आम्ही सोडला. टोमॅटोचा सोडलेला नाही, पण तो सगळ्यात शेवटी, देठाची बाजू खाली करून, आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही.

वाटाणे, कोवळ्या शेंगा असल्या बारीक गोष्टी जाळीतून पडत नाहीत का?

पडतात. त्यासाठी बारीक छिद्रांची पसरट भांडी असतात. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या आश्पे या छोट्या गावात विक्टर आर्गिन्सोनिस यांनी १९९० मध्ये ‘आसादोर एचेबारी’ हे रेस्टॉरंट सुरू केलं, त्यांनी अशी भांडी आणि चाक फिरवून वरखाली होणाऱ्या जाळ्या आपल्या कामासाठी घडवून घेतल्या. अगदी नाजूक जिन्नसही निव्वळ निखाऱ्यावर होऊ शकतो, हे जगाला पटवण्यात त्या छोट्या स्वयंपाकघराचा मोठा वाटा आहे. आमच्या जाळ्या साखळीने टांगलेल्या आहेत. चाक घ्यायचंय, बघू.

भाजी आधी उकडून घेता का?

नाही. उकडलं की चव पाण्यात जाते आणि वरचा पृष्ठभाग ओला राहतो, म्हणजे खरपूसपणा यायला दुप्पट वेळ. घाईच्या जागी तसं करतात, आणि ते चूक आहे असंही नाही. आम्हाला घाई नाही एवढंच.

मीठ, तेल, लिंबू आधी लावावं की नंतर?

तेल आधी, पण पुसल्यासारखं. टपकणारं तेल निखाऱ्यावर पडून जाळ धरतं आणि काजळी परत येते. फुफाट्यात जाणाऱ्या भाजीला तेल लावायचंच नाही, राख चिकटते. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, म्हणून चिरलेल्या भाजीला अगदी चढवतानाच किंवा उतरल्यावर. लिंबू आणि कुठलंही आंबट नंतरच : आम्लामुळे पेक्टिन विरघळायला वेळ लागतो आणि भाजी कडक राहते.

मागच्या वेळी खाल्लेली भाजी आज नाही म्हणता, असं का?

कारण तिचा हंगाम गेला. रागावू नका, आम्हालाही वाईट वाटतं.

हंगामाचं आम्हाला कौतुक असण्याची कारणं भाबडी नाहीत. आगीवर भाजी लपत नाही. वाटण नाही, रस्सा नाही, मसाल्याची ओढणी नाही. जे चवीत आहे तेच ताटात. मक्याच्या दाण्यातली साखर कणीस तोडल्याबरोबर पिष्टात बदलायला लागते, वाटाण्याचंही तेच. सकाळी तोडलेलं आणि तीन दिवस गाडीत फिरलेलं कणीस एकाच विस्तवावर ठेवलं, तर ती दोन वेगळी धान्यं वाटतील. थंडीत वाढलेली गाजरं आणि कोबी जास्त गोड असतात, कारण गारठ्यापासून बचाव म्हणून ते झाड पिष्टाची साखर करतं. साखर जास्त म्हणजे खरपूस रंगही लवकर. बिनहंगामी भाजीत हे भांडवल कमी असतं आणि आग ते उसनं देत नाही.

म्हणून फळा रोज दुपारी तीनला लिहिला जातो. काही दिवस त्यावर चारच ओळी असतात. एका पाहुण्यांनी एकदा ‘एवढंच?’ असं विचारलं होतं. हो, त्या आठवड्यात एवढंच होतं, आणि त्यातला एक निव्वळ कांदा होता. तो त्यांनी दोनदा मागवला.

काळं झालेलं खाल्लं तर कर्करोग होतो ना?

या प्रश्नाला हसून टाळणं बरोबर नाही, म्हणून नीट सांगतो.

भाजण्यातून येणारी काळजीची संयुगं मुख्यतः तीन गटांतली. पहिला गट स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून बनतो, म्हणजे मांस-माशांचा. भाज्यांत तो प्रश्न जवळजवळ नाही. दुसरा गट अर्धवट जळण्यातून आणि निखाऱ्यावर टपकलेल्या चरबीच्या धुरातून येतो. त्यातलं बेंझोपायरीन हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. भाजीत चरबी नाही, पण तेल आणि जाळ यांतून ते येऊ शकतं, म्हणूनच वर तेलाबद्दल आणि ज्वाळेबद्दल एवढं बजावलं. तिसरं अ‍ॅक्रिलामाइड. ते अन्नात तयार होतं हे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जाहीर केलं. बटाट्यासारख्या पिष्टमय पदार्थात, १२० अंशांच्या वर, ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ते बनतं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. बटाटे फ्रिजच्या थंडीत ठेवले की त्यांच्यात साखर वाढते आणि भाजताना हेही वाढतं, म्हणून आमचे बटाटे गार पण फ्रिजबाहेर, अंधारात असतात.

आमचा व्यवहार साधा आहे. साल जळाली तर ती टोपी समजायची आणि काढून ठेवायची. आतला गर सोनेरी ते तपकिरी असावा. ताटात कोळशासारखा काळा तुकडा आला तर तो बाजूला सारा, आणि आम्हाला सांगा. धुराचा खरा त्रास तर खाणाऱ्यापेक्षा तो रोज ओढणाऱ्याला असतो, म्हणून विस्तवाजवळच्या माणसांच्या पाळ्या दर तासाला बदलतात.

हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा मात्र आम्ही भाजतच नाही. त्यातलं सोलानिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही.

राख पोटात गेली तर?

चांगल्या लाकडाची चिमूटभर राख काही करत नाही. ती मुख्यतः कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार असते, चवीला थोडी खारी-तुरट. पण दाताखाली कचकचली तर ती आमची चूक आहे. भाजी झटकायची असते, धुवायची नसते. धुतली की चव गेली.

आमच्या कपड्यांना धुराचा वास येईल का?

येईल.

जेवण यायला इतका वेळ का लागतो?

पाहुणे आले म्हणून बीट लवकर शिजत नाही. विस्तव आम्ही तुमच्या दोन तास आधी पेटवतो आणि सावकाशीच्या भाज्या तेव्हाच राखेत जातात. तरी निखारा संपला की नवा व्हायला पाऊण तास. ज्यांना घाई आहे त्यांना आम्ही भेंडी, शेंगा, पालेभाजी सुचवतो. ती खरोखर पाच मिनिटांत येते.

पाऊस आला तर? वारा सुटला तर?

पावसाची सर आली तर चुलीवर पत्र्याचं छत ओढतो आणि तुम्हाला आडोशाला बसवतो. मुसळधार असेल तर बंद, आदल्या दिवशीच कळवायचा प्रयत्न करतो. तापलेल्या विटांवर आणि बिडाच्या जाळीवर एकदम गार पाणी पडलं की त्या तडकतात. पावसाचं आम्हाला भय आहे ते त्यामुळे, विस्तव विझेल म्हणून नाही.

वारा जास्त कटकटीचा. तो निखाऱ्याला प्राणवायू पुरवतो, एका बाजूची आच अचानक वाढते, ठिणग्या उडतात. चुलीच्या तीन बाजूंना भिंत आहे आणि चौथी बाजू आम्ही पाट्या लावून बदलतो. आसपासचं गवत सुकलेलं असेल आणि वारा जोरात असेल, तर त्या दिवशी आग पेटतच नाही. त्यावर हुज्जत घालू नका, ही एकच गोष्ट आहे जिथे आमचा सूर बदलतो.

इथे सगळं शाकाहारीच आहे ना? ॲलर्जीचं काय?

जाळीवर कधीच मांस गेलेलं नाही. तूप आणि लोणी काही पदार्थांवर वरून घालतो, सांगितलंत तर घालणार नाही. भाजीबरोबरच्या वाटणांत तीळ, शेंगदाणे, इतर कवचफळं असतात आणि ती सगळी एकाच खलात कुटली जातात. म्हणून तीव्र ॲलर्जी असेल तर वाटणांना हात लावू नका, नुसती भाजी मागा. बसताना सांगा, ताट आल्यावर नको.

दमा असलेल्यांनी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचं टेबल मागून घ्यावं. आणि वारा फिरला तर लाजू नका, टेबल बदलून देतो.

भाज्या आगीत भाजायचं हे नवं फॅड आहे का?

दक्षिण आफ्रिका आणि एस्वातिनीच्या सीमेवर बॉर्डर केव्ह नावाची गुहा आहे. तिथल्या जुन्या चुलींच्या राखेत जळालेले कंद सापडले, आणि ते सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वीचे आहेत असा निष्कर्ष पुरातत्त्वशास्त्रज्ञ लिन वॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. कोणीतरी कंद बाहेरून खणून गुहेत आणले होते, कदाचित वाटून खायला, आणि भाजताना काही राखेत विसरले. आमच्याकडेही राख चाळताना महिन्यातून एखादा कांदा निघतो.

घरी करून बघता येईल का?

जरूर, पण घराबाहेर. निखारे असलेलं पातेलं किंवा शेगडी बंद खोलीत, तंबूत, झाकलेल्या बाल्कनीत आणू नका, जाळ आणि धूर दिसत नसला तरी नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोप यावी तसा तो माणसाला घेऊन जातो.

चूल मांडताना नदीतले गोल गुळगुळीत दगड घेऊ नका. त्यांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, त्याची वाफ होते आणि दगड फुटतो. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत असा एक फुटला, त्याची कपची तीन हातांवरच्या टोपलीत घुसली. टोपलीत पालेभाजी होती, माणूस नव्हता. तेव्हापासून विटा.

पहिल्या दिवशी वांगं आणि कांदा, बास. लांब चिमटा, जाड सुती हातमोजे, आणि भरलेली पाण्याची बादली हाताशी. सिंथेटिक ओढण्या आणि सैल बाह्या लांब. लहान मुलांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. आमच्याकडे ती रेघ चुलीपासून पाच पावलांवर आहे, आणि मुलं ती मोठ्यांपेक्षा चांगली पाळतात.

फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात टाकलं तर चालेल?

चालेल, पण मग ती वाफवलेली भाजी झाली. धूर आत जात नाही, साल कोरडी होत नाही. खरी काळजी पुढची आहे. फॉइलमधला शिजलेला बटाटा तसाच गुंडाळलेला बाहेर ठेवला, तर आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे : क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला हवं ते सगळं. त्याचे बीजाणू भाजण्यातून वाचतात आणि मग विष तयार करतात. वासाने किंवा चवीने ते हमखास कळत नाही. फॉइल उतरताच काढा. भाजलेला लसूण किंवा मिरची तेलात बुडवून बाहेर ठेवणं हा त्याच धोक्याचा दुसरा प्रकार.

उरलेलं घरी नेता येईल?

हो, डबा तुमचा आणा. दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी बीट आणि कोबी उलट जास्त छान लागतात, धूर मुरतो. भेंडी मात्र इथेच संपवा.

रात्री एवढ्या विस्तवाचं काय करता?

पसरतो, पाणी शिंपडतो, ढवळतो, पुन्हा शिंपडतो. एकदम बादली ओतली तर वाफ तोंडावर येते. वरून मेलेली दिसणारी राख आत दोन-तीन दिवस जिवंत राहू शकते, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात जाते आणि पिंप भिंतीपासून लांब असतं. पूर्ण गार झालेली राख चाळून आमचा भाजीवाला मळ्यासाठी नेतो, तेही माती आम्लधर्मी असलेल्या तुकड्यापुरतीच, कारण राख अल्कधर्मी आहे आणि दुसऱ्या तुकड्यात बटाट्याला त्यामुळे खवड्या रोग वाढतो असा त्याचा अनुभव. चाळणीत उरलेले कोळशाचे तुकडे आम्ही ठेवून घेतो. उद्या दुपारी पहिल्या काटक्यांखाली तेच जातात.